घराला आणि चर्चला वाहिलेल्या आजीची स्मरणपुस्तिका कशी तयार करावी : गोव्यातील कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गोव्यातील ख्रिस्ती घरात एखादी वयोवृद्ध स्त्री वारली की सात दिवसांचे मीस (चर्चमधील उपासनाविधी, मास), महिन्याचे मीस आणि वर्षाचे मीस या तारखा आपोआप ठरतात, आणि त्यांपैकी एखाद्या तारखेच्या आसपास तिची आठवण म्हणून काहीतरी छापून घ्यावे, हा विषय घरात निघतोच. बहुधा छापले जाते ते एक कार्ड. त्याच्या एका बाजूस फोटो असतो, दुसऱ्या बाजूस जन्म-मृत्यूच्या तारखा, आत्म्याच्या विसाव्यासाठी प्रार्थना आणि प्रेमळ, धर्मनिष्ठ, कष्टाळू अशी दोन-तीन विशेषणे. ही विशेषणे खोटी नसतात. परंतु त्याच वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या त्याच वस्तीतल्या, दुसऱ्या आजीच्या कार्डावरही तीच असतात, आणि पुढेमागे पतवंडाच्या हाती दोन्ही कार्डे पडली तर फोटो झाकल्यावर त्याला आपली पणजी कोणती हे सांगता येणार नाही.

प्रस्तुत लेख त्या कार्डाच्या पुढच्या कामाविषयी, म्हणजे चोवीस-बत्तीस पानांच्या छोट्या स्मरणपुस्तिकेविषयी आहे. ती मराठीत करावी असे वाटणारी घरे गोव्यात आणि गोव्याच्या वेशीवर पुष्कळ आहेत. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या भागांतून लग्न होऊन बार्देश तालुक्यात आलेल्या स्त्रियांची नातवंडे आहेत, मराठी शाळेत शिकलेली पिढी आहे, आणि शेजारच्या आंटीच्या बाल्कांवावर (ओसरीवर) लहानपण काढलेले हिंदू शेजारीही आहेत, ज्यांना तिच्याविषयी लिहायचे असते पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. पुस्तिका वर्षाच्या मिसाला तयार असावी असे उद्दिष्ट ठेवावे. महिन्याच्या मिसापर्यंत ती उरकण्याचा आग्रह धरला तर ती विशेषणांनीच भरते, कारण परदेशातल्या नातेवाइकांची पत्रे, फोटो आणि चर्चचे दाखले एवढ्या अवधीत हाती येत नाहीत.

खोली आवरण्याआधी

पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट सांभाळायची असते, आणि ती म्हणजे तिची खोली कोणालाही आवरू न देणे. दूरून आलेली मुले परत जाण्याआधी कपाट रिकामे करण्याची घाई करतात, आणि साड्या-विस्तीदांचे (झग्यांचे) वाटप होताना कागदांची पिशवी ‘जुने कागद’ म्हणून परसात जळते. प्रत्येक वस्तू हलवण्याआधी ती जिथे आहे तिथेच मोबाइलवर तिचा फोटो काढावा; ओरातोरीत, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यात, कोणती मूर्ती पुढे होती आणि कोणती मागे, उशाशी काय होते, दाराआडच्या खिळ्याला काय टांगलेले होते, हे नंतर कोणालाही नेमके आठवत नाही.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे प्रार्थनेचे पुस्तक. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात भरली आणि त्यानंतर मीस लोकभाषेत आले. त्यामुळे 1930 किंवा 1940 च्या दशकात जन्मलेल्या स्त्रीने लहानपणी लॅटिन मीस ऐकलेले असते, तिचे जुने पुस्तक पोर्तुगीजमध्ये किंवा रोमी (रोमन) लिपीतील कोकणीत असते आणि नंतरचे वेगळे असते. पुस्तक मिटलेल्या स्थितीत कडेने पाहावे. ज्या पानांवर अंगठा रोज पडला तिथे कडेला काळसर पट्टा दिसतो, मेणाचे थेंब ठरावीक प्रार्थनांवरच सापडतात, आणि त्यावरून ती कोणती प्रार्थना खरोखर म्हणत होती हे कळते, जे तिच्या मुलांनाही बहुधा ठाऊक नसते. आत खोचलेली इतरांची मृत्यूकार्डे तर तारखांसह तयार असलेली यादीच असते. तिने कोणाकोणासाठी प्रार्थना केली, त्यात नात्याबाहेरचे कोण होते, हे त्या कार्डांच्या क्रमानेच टिपून घ्यावे आणि मगच ती बाहेर काढावीत.

याखेरीज कोपेलाच्या (छोट्या प्रार्थनाघराच्या) फेस्ताच्या (उत्सवाच्या) वर्गणीची वही, गोव्याबाहेरून आलेली पाकिटे, ‘दोर म्हयन्याची रोटी’चे जपून ठेवलेले अंक शोधावेत. जेझुइटांचे हे कोकणी मासिक 1915 मध्ये कराचीत सुरू झाले आणि गोव्यातील अनेक भाविक घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. अंकाच्या मागच्या कोऱ्या जागेवर धोब्याचा हिशेब किंवा एखाद्या बाळंतपणाची तारीख लिहिलेली सापडणे मुळीच नवलाचे नाही.

तारखा पक्क्या करणे

तारखा घरच्यांच्या तोंडून घेऊ नयेत. कागदावरून घ्याव्यात आणि मग घरच्यांना विचाराव्यात. बाप्तिस्म्याचे रजिस्टर तिच्या माहेरच्या चर्चमध्ये असते, सासरच्या नव्हे. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे क्रिस्मांव (दृढीकरण संस्कार) आणि लग्न यांचीही नोंद करावी लागते, त्यामुळे एका नोंदीतून तीन तारखा मिळण्याची शक्यता असते. चर्चच्या कार्यालयात जाण्याआधी फोन करून वेळ घ्यावी, अंदाजे साल, वडिलांचे व आईचे पूर्ण नाव आणि वाड्याचे नाव लिहून न्यावे. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये हाताने लिहिलेल्या असतात; वाचता येत नसेल तर परवानगी घेऊन फोटो काढावा आणि जुने पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणाऱ्या एखाद्या वयस्क गृहस्थाकडून अर्थ लावून घ्यावा.

दुसरा आधार नागरी नोंदणीचा. गोव्यात ती 1914 पासून आहे, आणि प्रत्येक तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातून जन्माचा ‘तेओर’, म्हणजे मूळ नोंदीचा सविस्तर उतारा, मागता येतो. त्यात आजा-आजींची नावेही असू शकतात, म्हणून साध्या दाखल्यापेक्षा तेओर घेणेच फायद्याचे. तिच्या आईवडिलांच्याही मागे जायचे असेल तर पणजीतील पुराभिलेख खात्यात जावे, तिथे जुन्या काळची अनेक चर्च-रजिस्टरे ठेवलेली आहेत.

दोन कागदांवर दोन तारखा निघाल्या तर घाबरून जाऊ नये. बाप्तिस्मा जन्मानंतर काही दिवसांनी होतो, सरकारी नोंद कधी कधी त्याहून उशिरा केलेली असते, आणि घरात वाढदिवस ज्या संताच्या नावावरून तिचे नाव ठेवले त्याच्या दिवशी होत असे. पुस्तिकेत बाप्तिस्म्याची नोंद प्रमाण धरावी आणि घरातली तारीख एका वाक्यात सांगावी. नावाचेही तसेच. रजिस्टरमध्ये तीन-चार नावांची लांब माळ असते आणि गावात ती वेगळ्याच हाकेने ओळखली जाते. मुखपृष्ठावर हाकेचे नाव मोठे व कागदावरचे लहान, असा क्रम ठेवावा, म्हणजे शेजाऱ्यांना पुस्तिका कोणाची हे विचारावे लागणार नाही.

कागद नसलेल्या घटनांसाठी गोव्याच्या सार्वजनिक घटनांचा आधार घ्यावा. वयस्क माणसांना साल आठवत नाही, पण जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला आपण कोणाबरोबर गेलो हे आठवते. ही प्रदर्शने 1952, 1964, 1974-75, 1984-85, 1994-95, 2004-05, 2014-15 आणि 2024-25 या वर्षांत झाली. ‘थोरला मुलगा प्रदर्शनाला कडेवर होता आणि पुढच्या प्रदर्शनाला त्याची मिशी फुटली होती’ अशा एका वाक्यातून दहा-बारा वर्षांचे अंतर पक्के होते. त्याचप्रमाणे डिसेंबर 1961 ची मुक्ती, जानेवारी 1967 चा जनमत कौल, 1970 मध्ये खुला झालेला आणि 5 जुलै 1986 रोजी कोसळलेला मांडवीवरचा पूल, त्याच वर्षी फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे यांची कांपालवरील सभा, हे सारे टप्पे विचारण्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पूल पडल्यावर ती पुन्हा फेरीबोटीने बाजाराला जाऊ लागली का, असे विचारले की बाजार, फेरीबोट आणि सोबतची माणसे सारेच बोलण्यात येते.

कोणाला विचारावे

हा या कामाचा गाभा आहे, आणि नेमका इथेच बहुतेक घरांचा अंदाज चुकतो. मुलांना आई घरात कशी होती एवढेच ठाऊक असते, आणि तेही मुलांच्या नजरेतून. चर्चमध्ये, कोपेलात, वाड्यावर ती काय करत होती हे बाहेरच्यांना माहीत असते. म्हणून विचारायच्या माणसांची यादी करताना घरच्यांना शेवटी ठेवावे आणि वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीकडे सर्वांत आधी जावे. ज्या मुलांची ती मादीन (धर्ममाता) होती ती आता पन्नाशीची असतील, त्यांना शोधावे. तिच्याकडे ज्यांनी दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, घेतले ते विद्यार्थी, गायनवृंदातल्या सोबतिणी, दारावर मासे घेऊन येणारी बाई, फुले देणारा माळी, खुरसाजवळच्या (क्रुसाजवळच्या) लादाइनीला (गाऊन म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेला) व्हायोलिन वाजवणारा, लीजन ऑफ मेरी या चर्चच्या भक्तसंघातल्या बायका, आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या) पाठवणारे व नाताळात कोंसोआदीचे (फराळाचे) ताट घेणारे हिंदू शेजारी, या प्रत्येकाकडे निदान एक तरी अशी गोष्ट असते जी घरात कोणाला ठाऊक नाही.

प्रश्न विचारताना ‘ती कशी होती?’ हा प्रश्न कधीही विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘खूप चांगली होती’ हेच येते आणि संवाद तिथेच आटोपतो. त्याऐवजी वेळ, जागा आणि वस्तू विचाराव्यात. पहाटेच्या मिसाला ती किती वाजता निघे आणि कोणत्या वाटेने? चर्चमध्ये ती कोणत्या बाकावर बसे, आणि तिथे दुसरी कोणी बसली तर काय होई? सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती वाड्यावर घरोघर फिरे तेव्हा तिच्या घरी चण्यांचे वाटप होई की आणखी कशाचे? तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चालू असताना एखादे पोर पेंगले तर ती काय करी? अशा प्रश्नांना माणसे क्षणभर थांबतात, आणि मग बोलत राहतात.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर पुरेसे चांगले होते, मात्र फोन विमानाच्या चिन्हावर ठेवावा, पंखा बंद करावा आणि फोन बोलणाऱ्याच्या जवळ मऊ कापडावर ठेवावा. जून-जुलैत मंगलोरी कौलांखाली मुद्रण करू नये, पावसाच्या आवाजात मागून काहीच ऐकू येत नाही. बोलणाऱ्याची परवानगी सुरुवातीलाच, मुद्रणातच, घ्यावी. बोलणे बहुधा कोकणीतच होईल. ते उतरवून काढताना गोष्ट मराठीत लिहावी, पण तिच्या तोंडची वाक्ये कोकणीतच राहू द्यावीत. ‘भुरग्यांनो, तेर्साक येयात’ या हाकेला मराठी रूप दिले की हाक मारणारी बाई बदलते.

घर

‘कुटुंबासाठी झिजली’ असे लिहिण्याआधी नवरा कुठे होता हे पाहावे. त्या पिढीतल्या असंख्य गोवेकर स्त्रियांचे नवरे तारवटी (खलाशी) म्हणून बोटीवर, आफ्रिकेत नैरोबी-कंपाल्याला, किंवा मुंबईत धोबीतलावच्या कुडीत (गोवेकरांच्या सामायिक निवासात) असत, आणि घर, शेत, सासू, मुलांचे शिक्षण, भाटातले (बागायतीतले) नारळ पाडून घेणे हे सारे एकटीवर असे. तिचे झिजणे म्हणजे हीच कामे होती, आणि ती तपशिलाने लिहिता येतात. पाडेली (नारळ पाडणारा) किती महिन्यांनी येई, पैशांची मनीऑर्डर आली नाही त्या महिन्यात काय विकले, पावसाळ्याआधी पुरुमेंताच्या फेस्तात (साठवणीच्या जिनसांच्या जत्रेत) कोणकोणती बेगमी होई, सुके बांगडे व सोलां (आमसुले) कुठल्या बरणीत राहत, हे विचारावे. पत्रे मिळाली तर त्यांचा सारांश करू नये. दोन-तीन पत्रांतील निवडक ओळी जशाच्या तशा छापाव्यात.

तिच्या हातच्या दोन पदार्थांची कृती द्यावी, त्याहून जास्त नको, नाहीतर पुस्तिकेचे पाकपुस्तक होते. सोरपोतेल, बेबिंक, दोदोल हे पदार्थ अनेक घरांत होतात, म्हणून तिच्या कृतीतला फरक नेमका लिहावा: विनेगर माडाच्या सुरेचे (माडीचे) होते का, आणि कोणाकडून येई, सान्नांना (इडलीसारख्या पदार्थाला) सूर न मिळाल्यावर ती काय वापरी, बेबिंकाचे थर किती. ‘अंदाजाने’ या उत्तरावर समाधान मानू नये. जी सून किंवा मुलगी ते करते तिला एकदा वजनकाट्यासमोर उभे करून करायला लावावे, आणि प्रत्येक घटक घालण्याआधी तोलावा.

चर्च

भक्तीविषयी लिहिताना तिच्या मनात काय होते याचे वर्णन करण्याचा मोह आवरावा. ते आपल्याला ठाऊक नसते. तिने काय केले ते ठाऊक असते, आणि वाचणाऱ्याला तेवढेच पुरते. वर्षाचे चक्र हा इथे उत्तम आराखडा आहे: ऑगस्टमधले नव्या कणसांचे फेस्त, 8 सप्टेंबरच्या मोंती सायबिणीच्या फेस्ताआधी नऊ दिवस मुलांकडून गोळा करवलेली फुले, ऑक्टोबरचा तेर्सांचा महिना, 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सिमित्रीत (दफनभूमीत) लावलेल्या मेणबत्त्या, 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यातील नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि 3 डिसेंबरचे फेस्त, मग कोरेज्मातले (ईस्टरआधीच्या उपवासकाळातले) उपवास. प्रत्येक टप्प्याला ती कुठे उभी होती, कोणाबरोबर होती आणि हातात काय होते, एवढे लिहिले तरी एक प्रकरण होते. घरातल्या लग्नाआधी पूर्वजांच्या नावाने घातलेले भिकाऱ्यांचे जेवण तिने कोणकोणत्या साली घातले, कोणाला बोलावले, हेही लिहावे. या एकाच विधीत घर आणि धर्म दोन्ही येतात. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. ती तिथे कोणा हिंदू मैत्रिणीबरोबर जात असेल तर त्या मैत्रिणीच्याच शब्दांत तो मजकूर घ्यावा.

तिला संत करू नये. कोपेलाच्या अध्यक्षपदावरून तिने अबोला धरला असेल, नव्या पाद्र विगाराने (चर्चच्या मुख्य धर्मगुरूने) लादाइनीची वेळ बदलली म्हणून ती तणतणली असेल, शेजारणीच्या कोंबड्यांवरून भांडली असेल, तर ते राहू द्यावे. माझ्या मते अशा एका प्रसंगाशिवाय कोणतीही स्मरणपुस्तिका विश्वासार्ह वाटत नाही. मात्र ज्या भांडणातला दुसरा पक्ष हयात आहे ते गाळावे, आणि इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसा-वाटणीचे, काम न्यायालयात चालू असेल तर जमीन, घर, सोने यांचा शब्दही पुस्तिकेत येऊ देऊ नये. भावंडांचे बोलणे बंद असेल तर संकलनाचे काम एखाद्या भाच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे सोपवणे शहाणपणाचे.

फोटो आणि छपाई

जुने फोटो मोबाइलवर फ्लॅश लावून टिपू नयेत; लहान फोटो स्कॅनरवर 600 डीपीआयने घ्यावेत. चिकट पानांच्या अल्बमातून फोटो ओढून काढल्यास फाटतो, म्हणून पानासकट स्कॅन करावा. मागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे. लॅमिनेशन टाळावे, आणि मूळ फोटो गोव्याच्या दमट हवेत लाकडी पेटीत न ठेवता स्टीलच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. मुखपृष्ठाला आजारपणातला शेवटचा फोटो घेऊ नये. कामात असतानाचा एखादा निवडावा, थोडा अस्पष्ट असला तरी चालेल.

पुस्तिकेची पाने चारच्या पटीत बसवावीत, कारण टाचणीच्या बांधणीत कागद दुमडून चार पाने होतात. अक्षर 13 किंवा 14 पॉइंटचे ठेवावे. वाचणाऱ्यांत निम्मे तरी सत्तरीपुढचे असतात. छापखान्याला देण्याआधी नावे आणि तारखा दोन वेगवेगळ्या माणसांनी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात.

मिसाच्या वेळी बोलणे

पुस्तिकेतील मजकूर चर्चमध्ये वाचायचा नसतो. अंत्यविधीच्या मिसात प्रवचनाच्या जागी मृत व्यक्तीचे गुणगान करू नये असा चर्चचा नियम आहे; कोमुनियननंतर (प्रसादग्रहणानंतर), अखेरच्या निरोपाच्या प्रार्थनेआधी, घरच्यांपैकी एकाने थोडके बोलण्यास मुभा असते. महिन्याच्या आणि वर्षाच्या मिसाला काय चालेल हे पाद्र विगारांना आठवडाभर आधी विचारावे. तीन मिनिटांचे बोलणे म्हणजे सुमारे साडेतीनशे शब्द. त्यात जन्मापासूनचा इतिहास सांगू नये. पुस्तिकेतला एकच प्रसंग निवडावा, तो पूर्ण सांगावा आणि खाली बसावे. आभारांची यादी चर्चबाहेर, चहाच्या वेळी.

काय छापू नये आणि प्रती कुठे द्याव्यात

एक सावधगिरी गोव्यात विशेष महत्त्वाची आहे. मालक परदेशी असलेल्या बंद घरांची व जमिनींची खोट्या कागदपत्रांनी बळकावणी झाल्याची इतकी प्रकरणे पुढे आली की राज्य सरकारला 2022 साली त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. अशा बनावट कामाला लागतात ती नावे, जन्मतारखा, आईवडिलांची आणि वारसांची माहिती श्रद्धांजलीत आयती मिळते. म्हणून पूर्ण वंशावळ, घर क्रमांक, सर्व मुले कोणत्या देशात आहेत आणि घर आता बंद आहे, हा तपशील समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत देऊ नये. तेओरची किंवा दाखल्याची छायाप्रत पुस्तिकेत छापण्याचे काहीच कारण नाही. वंशावळ हवीच असेल तर ती सुट्या कागदावर छापून केवळ घरच्यांच्या प्रतींत घालावी.

पहिल्या छपाईत प्रती मोजक्याच काढाव्यात. एक प्रत माहेरच्या चर्चला, एक सासरच्या चर्चला, आणि घरच्यांची तयारी असल्यास एक पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यावी. 1832 मध्ये सुरू झालेल्या या ग्रंथालयात गोव्याविषयीचे साहित्य जपले जाते. ज्यांच्याशी बोलणे झाले त्या प्रत्येकाला प्रत हातात नेऊन द्यावी, टपालाने पाठवू नये, कारण पाने चाळताना त्यांना हटकून आणखी काहीतरी आठवते. वर्षाच्या मिसानंतर चहाच्या टेबलावर एक प्रत ‘दुरुस्तीसाठी’ असे लिहून पेन्सिलीसह ठेवावी. नाव चुकले, साल चुकले, फोटोतली डावीकडची बाई मावशी नसून तिची नणंद होती, अशा नोंदी त्याच दिवशी मिळतात. त्या मूळ कागदांशी ताडून संगणकावरील प्रतीत घालाव्यात आणि दुरुस्त केलेली दुसरी छपाई 2 नोव्हेंबरच्या आधी करून घ्यावी, कारण सिमित्रीत त्या दिवशी बाहेरगावचे नातेवाईक पुन्हा एकत्र येतात आणि पहिल्या वेळी न आलेल्यांना प्रती तेव्हाच देता येतात.